गिलाव्याआडचे कर्म

सेंट्रिंगवर सळया बांधून झाल्या की स्लॅब पडण्याआधी वायरमनच्या हाती जेमतेम एखादा दिवस उरतो. तेवढ्यात छतातून जाणारे सगळे पाइप सळयांच्या जाळीत बांधायचे, पंख्यांचे बॉक्स जागच्या जागी पक्के करायचे, त्यांत काँक्रीट शिरू नये म्हणून कागदाचे बोळे कोंबून तोंडे बंद करायची. घाईत एखादा सांधा सोल्युशन न लावता नुसताच खोचला गेला आणि व्हायब्रेटरच्या धक्क्याने निसटला, तर ते कळते काही महिन्यांनी, वायर ओढताना. मग विटांच्या भिंती उठतात, कटरने झिऱ्या मारल्या जातात, पाइप आणि स्विचबोर्डांचे बॉक्स बसतात आणि त्यावर गिलावा चढतो. घराचा ताबा मिळतो तेव्हा या सगळ्या खटाटोपातली भिंतीवरची बटणे तेवढी डोळ्यांना दिसतात.

नव्या घरातली इतर कामे आपली चूक फार काळ लपवू शकत नाहीत. बाथरूमच्या फरशीचा उतार चुकला तर पहिल्याच आंघोळीला पाणी तुंबते. दार चौकटीत घासते, रंगाचा पोपडा निघतो, खिडकीतून पावसाळ्यात ओल येते. वायरिंगमध्ये मात्र चांगले काम आणि वाईट काम वर्षानुवर्षे अगदी सारखे वागते. दोन्ही घरांत दिवे लागतात, पंखे फिरतात, मिक्सर चालतो. भिंतीआड काय आहे हे ज्याने केले त्यालाच ठाऊक असते, आणि तो पुढच्या साइटवर निघून गेलेला असतो.

म्हणून या कामात एक जुना प्रश्न अगदी हातात धरता येईल असा समोर येतो. जे कोणीच पाहणार नाही, ते माणसाने नीट का करावे?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, दुसऱ्या भागात, ग्लॉकन हा प्रश्न गायजीस नावाच्या मेंढपाळाच्या कथेतून विचारतो. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे वळवला की तो अदृश्य होतो. मग तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. अशी अंगठी मिळाल्यावरही जो न्यायाने वागेल असा माणूस आहे तरी का, असे ग्लॉकनचे आव्हान आहे. सॉक्रेटिसाला त्याचे उत्तर द्यायला उरलेला अख्खा ग्रंथ लागतो. नव्या इमारतीतल्या वायरमनची अवस्था गायजीसपेक्षा थोडी वेगळी आहे. तो स्वतः सगळ्यांसमोर असतो, सुपरवायझर आजूबाजूला फिरत असतो, हजेरी लागते. अदृश्य होते ते त्याचे काम. शिवाय त्या कामातल्या चुकीची झळ ज्याला लागेल तो माणूस कोण, हे त्याला कधीच कळणार नसते. कदाचित तो अजून जन्मालाही आलेला नसतो.

हा प्रश्न किती बारीक जागी जाऊन बसतो ते एका सॉकेटच्या मागे दिसते. तीन छिद्रांच्या सॉकेटचे वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे. त्यातून निघालेली हिरवी वायर डीबीपर्यंत (घरातल्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डापर्यंत), तिथून मीटर रूममधल्या पट्टीपर्यंत आणि शेवटी जमिनीत पुरलेल्या प्लेटपर्यंत किंवा पाइपपर्यंत अखंड पोचायला हवी. या वायरमधून रोजच्या व्यवहारात म्हणण्यासारखा प्रवाह जात नाही. गीझरच्या कॉइलचे आवरण खराब झाले आणि त्याच्या धातूच्या अंगात करंट उतरला, तरच तिला काम पडते. तेव्हा तो करंट तिच्यातून जमिनीकडे धावतो आणि डीबीतले संरक्षण वीज तोडते. हिरवी वायर मध्येच कुठे तुटलेली असेल, तर गीझरचे अंग २३० व्होल्टवर गुपचूप बसून राहते, आणि ओल्या हाताने नळाला स्पर्श करणारा माणूसच त्या करंटची वाट बनतो. तोवर कशानेही संशय येत नाही. अर्थिंग नसलेला गीझर पाणी तितकेच गरम करतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे वायर वाचवण्यासाठी सॉकेटच्या मागे अर्थची पिन सरळ न्यूट्रलला जोडून टाकणे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरला की तो लख्ख पेटतो, घरमालकाचे समाधान होते. पुढे कधी न्यूट्रल वरच्या बाजूला तुटला तर फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट फेज उतरते. इथे नुसता आळस नाही, नेहमीच्या तपासणीलाही चकवणारी फसवणूक आहे.

डीबीतल्या आरसीसीबीची गोष्ट याच्या नेमकी उलट दिशेची. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सारखा आहे का, हे ती अखंड मोजत असते. फरक पडला म्हणजे कुठेतरी प्रवाह भलत्या वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून जात आहे. घरातल्या माणसांच्या संरक्षणासाठी या फरकाची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवतात, त्यापलीकडे ती वीज तोडते. दहा वॅटचा दिवा घेतो त्याहूनही हा प्रवाह कमी आहे. या क्षेत्रातल्या मर्यादा ठरवण्यामागे ज्यांचे मोठे काम आहे ते चार्ल्स डॅल्झिएल कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलेला शिकवत. विजेची तार पकडलेला माणूस किती प्रवाहापर्यंत स्वतःहून हात सोडवू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजले. पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांसाठी साडेदहा. त्यापलीकडे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण त्यांनी १९६१ साली घडवले. ज्यांना कधी भेटणार नाही अशा माणसांच्या हृदयाचा विचार त्या आकड्यांमागे आहे.

अशा कामाचे फळ कोणते? वीज जोडण्याचे फळ म्हणजे उजेड, तो तर दिसतो. संरक्षणाच्या कामाचे फळ मात्र ‘काही न घडणे’ एवढेच असते. बारा वर्षांनी एखाद्या रात्री आरसीसीबी पडते, घरातले कोणीतरी वैतागून उठते, मशीनचा प्लग काढते, खटका वर करते आणि झोपते. त्या क्षणी कोणाचा जीव वाचला हे ना त्या माणसाला कळते, ना ज्याने ते काम केले त्याला.

इथे गीतेतला कर्मफलाचा विचार आठवणे स्वाभाविक आहे, आणि तिथेच सावध राहणेही आवश्यक आहे. दुसऱ्या अध्यायातला तो विचार महाराष्ट्रात शाळेच्या फळ्यापासून कचेरीतल्या तसबिरीपर्यंत सगळीकडे आढळतो. ‘आपण आपले काम करावे, निकालाची चिंता करू नये’, असा त्याचा सोपा अर्थ लावून लोक मोकळे होतात. वायरमनने तो असाच घेतला तर वायर ओढली, बटणे बसवली, पुढचे ज्याचे त्याने पाहावे, इतके सोपे होईल. पण गीतेने सोडायला सांगितले आहे ते आपल्या वाट्याचे फळ, म्हणजे मोबदल्याची, कौतुकाची, श्रेयाची आस. केलेल्या कामाने दुसऱ्याचे काय होईल याकडे पाठ फिरवायला तिने सांगितलेले नाही. त्याच अध्यायात काही श्लोकांनंतर कर्मातल्या कौशल्यालाच योग म्हटले आहे. परिणामाची पर्वा नसलेल्या माणसाकडे कौशल्य येणार तरी कुठून?

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. ज्ञानी माणसालाही कर्म सुटत नाही आणि ते त्याने लोकसंग्रहासाठी, समाज नीट उभा राहावा म्हणून करायचे असते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी ‘विकर्म’ या कल्पनेवर भर दिला आहे. बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली नाही तर ते कर्म कोरडे राहते, असा त्यांचा आशय.

ही आतली जोड वायरिंगच्या कामात कुठे दिसते? ती मेगर लावण्याच्या क्षणी दिसते. सगळ्या वायरी ओढून झाल्या की दिवे आणि उपकरणे जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा जोड्यांमधला रोध मोजतात. तो किमान १ मेगाओहम तरी भरावा लागतो. नव्या, निगुतीने केलेल्या वायरिंगमध्ये तो पुष्कळ जास्त येतो. पाइपाच्या तोंडाशी राहिलेल्या कंगोऱ्याने वायरचे कातडे सोलले गेले असेल, सुताराचा खिळा नेमका पाइपात शिरला असेल, तर काटा खाली येतो. या चाचणीला वेळ जातो, आणि बहुतेक ठिकाणी तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत. दोष निघाला तर तयार भिंत पुन्हा फोडायची पाळी, वर बोलणी. तरीही जो मेगर लावतो तो कोणी विचारले नसताना स्वतःची चूक शोधायला निघालेला असतो. निष्काम कर्माचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

नुसता सद्हेतू मात्र पुरत नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या मध्यात तांबे महाग झाले म्हणून घरांमध्ये ॲल्युमिनियमच्या वायरी घालायला सुरुवात झाली, आणि १९७३पर्यंत सुमारे २० लाख घरांत त्या पोचल्या. काम करणाऱ्यांनी त्या वेळचे नियम पाळले होते. पण ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, स्क्रूखाली हळूहळू दबत जाते, त्याच्या पृष्ठभागावर वीज अडवणारा थर जमतो. सांधे सैल पडले, तापू लागले. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पाहणीत अशा घरांतले सांधे धोक्याच्या पातळीपर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट निघाली. त्या कारागिरांना पापी म्हणता येणार नाही. पण सामानाचा स्वभाव जाणून घेणे हाही कर्तव्याचाच भाग आहे, हे यातून दिसते. आज २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर एसी चढवणाऱ्याला उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते हे माहीत असायलाच हवे. प्रवाह दुप्पट झाला की तापणे चौपट होते.

आणि एक सांधा किती माणसांपर्यंत पोचतो? १३ जून १९९७ रोजी दिल्लीतल्या ‘उपहार’ चित्रपटगृहातल्या आगीत ५९ माणसे गेली. त्या दिवशी सकाळी इमारतीतल्या दिल्ली विद्युत मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती झाली होती. केबलच्या टोकाला सॉकेट बसवताना क्रिंपिंग मशीन वापरले गेले नाही, डाय आणि हातोड्याने ठोकून भागवले, असे न्यायालयासमोर आले. जोड सैल राहिला, ठिणग्या उडत राहिल्या, संध्याकाळी केबल निखळली आणि आगीचा धूर बाल्कनीत भरला. वाढीव खुर्च्यांनी वाटा अडल्या होत्या, त्यामुळे माणसांना बाहेर पडता आले नाही. दोष अनेकांचा होता. पण साखळीच्या एका टोकाला योग्य हत्याराविना ठोकलेला तो सांधा होता, आणि दुसऱ्या टोकाला त्या दुरुस्तीचा पत्ताही नसलेली माणसे.

घर बांधणाऱ्याचे उत्तरदायित्व जुन्या कायद्यांनी आणि धर्मपरंपरांनी फार पूर्वीच ओळखले होते. प्राचीन बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड आहे, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. हा हिशेब रक्ताचा आहे आणि तो अपघात होऊन गेल्यावर मांडला जातो. ज्यूंच्या तोरामध्ये, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, नव्या घराविषयीच एक आज्ञा आहे: घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, म्हणजे कोणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येणार नाही. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक ज्या ग्रंथाला आपला मानतात तो हाच. पुढे तालमूदमध्ये रब्बी नाथानांनी याच आज्ञेचा आधार घेऊन सांगितले की घरात चावरे कुत्रे पाळू नये आणि डुगडुगती शिडी ठेवू नये. बाराव्या शतकात मायमोनिडीसने तिची व्याप्ती जिवाला अपाय करील अशा प्रत्येक गोष्टीपर्यंत नेली. या विचाराने उघड्या वायरीचा सांधाही कठड्याच्या आज्ञेखाली येतो. विशेष म्हणजे ही आज्ञा अपघाताच्या आधी बोलते, आणि जो पडेल तो पाहुणा, नोकर की परका, असे विचारत नाही.

आपल्याकडच्या वास्तुशांतीची नजर दुसरीकडे आहे. बांधकामात माती खणली गेली, झाडे तुटली, किडामुंगी मेली, त्या हिंसेची शांती त्या विधीत केली जाते. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. फ्लॅटमध्ये एखाद्या फरशीखाली छोटासा खड्डा करून ती ठेवली जाते. घर उभे करताना ज्यांना इजा झाली त्यांची क्षमा मागणे हा फार उदात्त भाव आहे. पुढे या घरात ज्यांना इजा होऊ शकते त्यांचाही विचार त्याच संस्कारात सामावला तर तो विधी अधिक पूर्ण होईल. पूजेच्या दिवशी गुरुजींच्या दक्षिणेबरोबर अर्थिंगच्या तपासणीची नोंदही घरात आलेली असावी, असे म्हणण्यात श्रद्धेचा कसलाही अवमान नाही.

आजचा कायदाही काही मर्यादेपर्यंत सोबत येतो. २०१६च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांमधला दोष बिल्डरने विनामोबदला दुरुस्त करायचा आहे, तोही कळवल्यापासून तीस दिवसांत. भिंतीतली वायर मात्र पाच वर्षांनी बदलत नाहीत, ती कित्येक दशके तिथेच राहते. कायद्याची मुदत संपल्यावर उरतो तो केवळ काम करणाऱ्याचा स्वभाव. कांटने १७८५ साली लिहिलेल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात, गिऱ्हाईक टिकावे म्हणून रास्त भाव लावणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण आहे. त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, पण ती कर्तव्यापोटी केलेली नाही, असे कांट म्हणतो. गीझरखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र वायरमनच्या हेतूशी काही देणेघेणे नसते, त्याला जोडलेली हिरवी वायर हवी असते. म्हणून तपासणीही हवी आणि हेतूही. जिथे तपासणी पोचते तिथे तिने माणसाला राखावे, आणि ती जिथे पोचत नाही तिथून पुढे हेतूने.

याच्या पुढचा प्रश्न अधिक टोचणारा आहे. हा हेतू नेमका कोणाकडून मागितला जातो? मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना १३३८ साली ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर संत चोखोबा त्याखाली गाडले गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी परंपरा आहे. पंढरपूरला महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे. वारकरी तिथे माथा टेकवतात तेव्हा भिंत बांधणाऱ्या एका माणसापुढेच टेकवतात. त्या माणसाला जिवंतपणी देवळाच्या आत जायला मिळाले नाही, आणि ज्या गावाच्या रक्षणासाठी ती भिंत होती त्या गावानेही त्याला वेशीबाहेरच ठेवले.

आज नव्या इमारतीत वायरिंगचे काम बहुधा पॉइंटच्या हिशेबाने ठरते. एका पॉइंटचा अमुक दर, मग वायर कितीही ओढा. या हिशेबात अर्थची वायर, सांध्यावरची नीट मारलेली टेप, मेगरची चाचणी यांना वेगळी किंमत नसते. बिल्डर दर पाडतो, कंत्राटदार तो खाली सरकवतो, घरमालक शेवटी दोन पॉइंट फुकट मागतो, आणि सगळ्या साखळीच्या तळाशी झिरी मारणारा हेल्पर मास्क आणि गॉगलविना धूळ खात असतो. वरचे सगळे फळाचा हिशेब मांडत असताना तळातल्या एकट्याने निष्काम राहावे, अशी अपेक्षा करणे हा गीतेचा गैरवापर आहे. टिळकांचा लोकसंग्रह खरा मानायचा तर तो ज्याच्या हाती पैसा आणि निर्णय आहे त्याच्यापासून सुरू झाला पाहिजे.

ते अवघड नाही. अंदाजपत्रकात अर्थिंग आणि चाचणी यांची स्वतंत्र ओळ असावी आणि तिचे पैसे पॉइंटच्या दरातून न कापता वेगळे द्यावेत. काम परवानाधारक कंत्राटदाराकडेच असावे. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो शेजारी टेप धरून काढावेत, म्हणजे पाइप कुठून गेला ते पुढे ड्रिल मारणाऱ्याला कळेल. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे डीबीच्या दाराला आतून चिकटवावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. ती पडली नाही तर त्याच दिवशी बदलावी. आणि फ्लॅट विकायची वेळ आली की हे फोटो, मेगरचे आकडे आणि वायरिंगचा नकाशा करारनाम्याच्या फाइलमध्ये घालून नव्या मालकाच्या हाती द्यावेत, मग त्याने ते मागितलेले असोत वा नसोत.